छान शी

शांघायमधल्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालून कोणीतरी "आई, आई" अशा हाका मारत होतं. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून वाकून पाहिलं, तर चौकीदार एका पासष्टीच्या बाईंना थांबवत होता. बाई बाबागाडी ढकलत फाटकाकडे निघाल्या होत्या.

"आई नाही गं ताई, आयी. म्हणजे मावशी, काकू, काहीही," माझी मावसबहीण म्हणाली. "आणि गाडीत नातू नाहीये."

गाडीत तपकिरी पूडल बसलं होतं, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर. नाव दोऊदोऊ, म्हणजे कडधान्याचा दाणा. चार पाय असताना गाडी कशाला, हा माझा पुणेरी प्रश्न. रात्री पाऊस पडलाय, पाय चिखलात भरतील, हे उत्तर.

आयी बहिणीच्या शेजारीण. संध्याकाळी त्या आम्हालाही फिरायला घेऊन गेल्या, शहराच्या शूहुई भागातल्या नदीकाठी. इथे पूर्वी कोळशाचा धक्का होता. जुन्या क्रेन अजून उभ्या आहेत, कोळसा उतरवायच्या सांगाड्याभोवती कलासंग्रहालय बांधलंय आणि मधल्या रुंद रस्त्यावर सगळ्या शहराची कुत्री लोटलेली. कॉर्गी, गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडलांची तर पलटणच. मेट्रोत कुत्र्यांना मज्जाव, त्यामुळे लांबची मंडळी टॅक्सी करून येतात. संग्रहालय राहिलंच बघायचं.

तिथेच मला आयुष्यभर पुरेल असा शब्द मिळाला. पाळीव जनावराच्या मालकाला इथली तरुण पिढी गमतीने 'छान-शी-क्वान' म्हणते. छान म्हणजे फावड्याने उचलणं, क्वान म्हणजे अंमलदार, आणि शी म्हणजे... शीच! मी रस्त्यातच इतकी हसले की आयींना वाटलं मला ठसका लागला. बहिणीने मराठी अर्थ सांगितल्यावर त्याही पोट धरून हसल्या आणि पुढचे चार दिवस दोऊदोऊचं काम आटोपलं की माझ्याकडे बघून म्हणायच्या, "छान शी!"

अंमलदारी मात्र स्वस्त नाही. शांघायच्या आतल्या रिंगरोडच्या आत कुत्र्याची वार्षिक फी 2011 पासून 500 युआन, म्हणजे आपले सहा हजार रुपये. त्याआधी 2000 होती. बीजिंगने 1995 मध्ये कुत्र्याच्या पहिल्या नोंदणीला 5000 युआन लावले होते. तेव्हा नोकरदाराचे कित्येक महिन्यांचे पगार त्यात गेले असते. 2011 च्याच नियमाने शांघायमध्ये घरटी एकच कुत्रा ठेवता येतो. एक मूल धोरण 2016 मध्ये संपलं, एक कुत्रा धोरण चालूच आहे. आयींची मुलगी एकुलती एक आणि दोऊदोऊही.

चिनी पाळीव प्राणी उद्योगाच्या अहवालात 2024 साठी शहरी कुत्र्यामागे वर्षाला सरासरी 2961 युआन खर्च धरलाय, मांजरामागे 2020. बहिणीने हा आकडा वाचून दाखवला तेव्हा आयींनी हात उडवला. तेवढे तर नुसते दोऊदोऊच्या दातांना गेले! मग फोन काढून त्यांनी मला सगळी बिलंच दाखवली: लस, केस कापणं, थिजवून सुकवलेलं कोंबडीचं काळीज. स्वतःच्या अंगातलं जाकीट मात्र मुलीचं जुनं. हे सगळं तुमच्या यजमानांना माहीत आहे का, असं मी विचारल्यावर त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

भाड्याच्या घरातली तरुण मंडळी याच हिशेबाने मांजराकडे वळतात, असं बहिणीचं म्हणणं. रात्री नऊला ऑफिसातून येणारा माणूस कुत्र्याला फिरवणार कधी? 2021 पासून चिनी शहरांत मांजरं कुत्र्यांच्या पुढे गेलीत: 2024 मध्ये सात कोटींवर मांजरं आणि सव्वापाच कोटी कुत्री.

आयींची मुलगी नानजिंगला असते. एप्रिल 2025 मध्ये बीजिंग-शांघाय वेगवान रेल्वेने निवडक गाड्यांतून कुत्री-मांजरं न्यायचा प्रयोग सुरू केला. वजन 15 किलोच्या आत, उंची 40 सेंटिमीटरच्या आत, आणि नानजिंगचं स्टेशन यादीत आहे. मुलीने ताबडतोब कळवलं, आता तरी ये. आयींनी चौकशी केली आणि बेत रद्द केला, कारण प्राणी वेगळ्या पेटीतून जातो, मांडीवर नाही.

"दीड तास एकटी?" त्या म्हणाल्या. मुलगी दोन वर्षं एकटी राहतेय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

फाटकावरच्या चौकीदाराकडेही एक कुत्रा आहे, पिवळट, शेपूट वळलेली. अशांना तू-गोऊ म्हणतात, शब्दशः मातीतला कुत्रा, आपला गावठी. त्याला उरलेला भात आणि नूडल्स. नाव वांगत्साय, म्हणजे धनाची भरभराट. आपल्याकडे जसा मोत्या, तसा तिकडे वांगत्साय. दोऊदोऊची गाडी जवळ आली की तो उठून उभा राहतो, कारण आयी सुकवलेल्या काळजाचा एक तुकडा हळूच खाली टाकतात. त्याचं बिल मला दाखवलं नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्री आयींना आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या काळ्याचा फोटो दाखवला. पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर झोपलेला.

"कोणाचा?"

"सगळ्यांचा," मी म्हणाले.

"खर्च?"

"ज्याला वाटेल तो पाच रुपयांचा बिस्किटपुडा टाकतो."

आयींनी फोटो मोठा करून नीट पाहिला, मग बहिणीला काहीतरी विचारलं. ती भाषांतर करायच्या आधीच हसायला लागली.

"ताई, त्या विचारतायत, मग छान-शी-क्वान कोण?"