कंबर दुखते आणि विमान इकॉनॉमीचं : मोपा ते लंडन

तिकीट काढलं त्या रात्री मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या एकामागे एक लावल्या. इकॉनॉमीची सीट साधारण १७-१८ इंच रुंद असते आणि एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर, ज्याला पिच म्हणतात, ते लांबच्या विमानात ३१-३२ इंच, आपल्या देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांत तर २८ ते ३० च. म्हणून दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये बरोबर ३१ इंच ठेवले, मागच्या खुर्चीवर बसले आणि मोबाईलवर टायमर लावला. पंचविसाव्या मिनिटाला डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या. आणि मला जायचं होतं गोव्याच्या मोपा विमानतळावरून मुंबईला आणि तिथून लंडनला, हा दुसरा टप्पाच नऊ-दहा तास.

न जाणं शक्यच नव्हतं. धाकटी बहीण इंग्लंडमधे स्विंडनला असते, तिचं पहिलं बाळंतपण, आईचे दोन्ही गुडघे गेलेले, मग माहेरचं माणूस म्हणून मीच उरले. माझं दुखणं चार वर्षांचं, मणक्यातली कमरेच्या तळाची, एल५-एस१ ची डिस्क सरकलीय, डावी नस दबते, कळ नितंबातून थेट पोटरीपर्यंत जाते. ज्यांना हे आहे त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्या लक्षात येत नाही, कारण बाहेरून माणूस धडधाकट दिसतो.

याआधी एकदा मुंबईला गेले होते तेव्हा शेवटच्या रांगेतली सीट मिळाली, ती मागे जातच नव्हती, आणि उतरताना घाईघाईत वरच्या कप्प्यातली बॅग ओढली तर कमरेत अशी चमक भरली की पुढचे चार दिवस भावाकडे अंथरुणातच होते. त्या एका तासाच्या प्रवासात मला कळलं की नुसत्या सीटने पाठ जात नाही. पाठ जाते वाकून-वळून वजन उचलताना आणि एकाच जागी खिळून बसल्यावर. म्हणून यावेळी सगळी तयारी या दोन गोष्टींभोवतीच केली.

आधी सीट. आयल सीट, म्हणजे वाटेकडची, हवी हे सगळेच सांगतात, पण कुठल्या बाजूची ते कोणी सांगत नाही. माझा डावा पाय दुखतो, तोच मधूनमधून सरळ करायला लागतो, म्हणजे मोकळी वाट माझ्या डाव्या हाताला हवी. एका वाटेच्या, तीन-तीन सीटवाल्या विमानात हे म्हणजे डी सीट. उजवा पाय दुखत असेल तर सी. मोठ्या विमानात अक्षरं बदलतात, तेव्हा सीट मॅप उघडून स्वतःला तिथे बसलेलं डोळ्यांसमोर आणायचं आणि मग बोट टेकवायचं. शेवटची रांग नको, एक्झिटच्या पुढची रांगही नको, बहुतेक विमानांत त्या मागे झुकत नाहीत. एक्झिट रो मधे पाय पसरायला जागा असते खरी, पण तिथे बसणाऱ्याला गरज पडली तर जड दरवाजा उघडावा लागतो, आपण ते करू शकत नाही तर ती सीट घ्यायची नाही, मला हे अगदी मनापासून वाटतं. आणि सगळ्यात पुढची भिंतीसमोरची रांग ऐकायला छान, पण तिथे ट्रे हात टेकायच्या हँडलमधून निघतो म्हणून हँडल वर होत नाही आणि पाय खाली सरकवायला पुढची सीटच नसते. मी मागच्या गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघराच्या, चार-पाच रांगा पुढे बसते. पंखांच्या आसपास हादरे कमी बसतात हे खरं आहे, तरी मला उभं राहायला जवळ जागा असणं जास्त महत्त्वाचं.

अजून एक, बऱ्याच विमानांत वाटेच्या बाजूचं हँडलसुद्धा वर होतं. त्याच्या खालच्या बाजूला, मागे सांध्याजवळ बोट घातलं की एक छोटा खटका लागतो, तो दाबून उचलायचं. उठताना कंबर पिळावी लागत नाही, दोन्ही पाय एकदम वाटेत काढून सरळ उभं राहता येतं. टेकऑफ-लँडिंगला मात्र खाली.

आता पंचा. नेक पिलो, एअर कुशन, जेलची गादी, मी सगळं बघितलं, दीड-दोन हजारांपर्यंतच्या वस्तू, आणि शेवटी नेला बाबांचा जुना पंचा. धुऊन धुऊन मऊ झालेला, सुती. तो लांबीला दुमडून घट्ट गुंडाळला की माझ्या मनगटापेक्षा थोडी जाड वळी होते, दोन टोकांना केसांचे रबर लावले. ही वळी ठेवायची कुठे यातच सगळं आहे. लोक ती पाठीच्या मधोमध ठेवतात, मग खांदे पुढे ढकलले जातात आणि जास्तच दुखतं. ती बसते कमरेच्या खळग्यात, जिथे आपण परकराची नाडी बांधतो त्याच्या जरा वर. आधी पार्श्वभाग सीटच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण सरकवायचा, मग थोडं पुढे वाकून वळी सोडायची आणि तिच्यावर टेकायचं. बरोबर बसली की हनुवटी आपोआप मागे येते. माझ्या फिजिओने शिकवलेलं हे. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट ज्याला मॅकेन्झी म्हणतात, पालथं झोपून छाती वर उचलायचा तो व्यायाम, तो ज्या रॉबिन मॅकेन्झींच्या नावाने आहे ते न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट, आणि कमरेच्या खळग्याला असा आधार द्यायचा हा त्यांचाच आग्रह. पंच्याचा फायदा असा की दोन तासांनी एक वेढा उलगडून वळी बारीक करता येते, पुन्हा जाड करता येते. दिवसभर एकच उंची पाठीला सोसत नाही.

विमानातली गादी मधे खचलेली असते, गुडघे वर आणि बसायची जागा खाली. त्यावर उपाय म्हणजे ते देतात ते ब्लँकेट चौकोनी घडी घालून बुडाखाली. माझी उंची पाच फूट एक इंच, पाय धड टेकत नाहीत, म्हणून छोटी बॅग आडवी ठेवून त्यावर पाय. वर शाल पांघरली तर पट्टा शालीच्या वरून लावते, नाहीतर झोप लागली की पट्टा बघायला उठवतात.

मोपाला जाताना फोंड्याहून पहाटे निघालो. पुढच्या सीटवर बसले, सीट थोडी मागे, पंचा कमरेला. धारगळहून विमानतळापर्यंतचा तो लिंक रोड झाल्यापासून शेवटचा टप्पा पाठीला खूप सुखाचा झालाय, आधीच्या खड्ड्यांत माझा जीव मुठीत असायचा. मोपावरून उड्डाणं सुरू झाली जानेवारी २०२३ मधे, आणि दाबोळीच्या जुन्या विमानतळाच्या मानाने आत चालणं पुष्कळ. मला चालणं सोसतं, लाईनमध्ये उभं राहणं सोसत नाही.

म्हणूनच व्हीलचेअरबद्दल लिहायचंय. आई म्हणाली, चालता येतं ना गो तुला, लोक काय म्हणतील. मलाही दोन दिवस तेच वाटत होतं. पण लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरल्यावर तास-दीड तास लाईनमध्ये उभं राहून डावा पाय बधिर झाला तर पुढे बहिणीला मदत मी करणार की ती मला, असा विचार केला आणि फोन केला. एअरलाईनला निदान ४८ तास आधी कळवायचं, आणि नेमकं सांगायचं, कारण त्यांच्याकडे तीन प्रकार असतात: फक्त लांबचं अंतर चालवत नाही, जिने चढवत नाहीत, किंवा सीटपर्यंत न्यावं लागतं. मी पहिला सांगितला. जेवढी गरज तेवढंच मागितलं, म्हणून मागताना मान खाली घालावी लागली नाही.

सामानाचं सांगते, कारण आपल्या गोंयकारांचं घोडं इथेच अडतं. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, हळीव, शिवाय आगळ, काजू, खाजें, मावशीने दिलेलं दोदोल, आईला सगळं एकाच बॅगेत कोंबायचं होतं. मी दोन बॅगा केल्या, प्रत्येकी १५ किलोच्या आत. बेल्टवरून २३ किलोची बॅग ओढणं म्हणजे वाकणं, वळणं आणि उचलणं तिन्ही एकदम. केबिन बॅगेची मर्यादा बहुतेक ठिकाणी ७ किलो असते, माझी जेमतेम तीन किलोची होती आणि तीसुद्धा वर ठेवायला मी शेजारच्या मुलाला सांगितलं, बाळा, माझ्या पाठीचा त्रास आहे, एवढी वर ठेवतोस का. त्याने ठेवली आणि उतरताना न सांगता काढूनही दिली.

कमरेला बांधायचा एलएस बेल्ट असेल तर लक्षात ठेवा, त्यात धातूच्या पट्ट्या असतात, सिक्युरिटीला तो काढून ट्रेमध्येच टाका. आणि तो नऊ तास आवळून बसू नका, मी फक्त चढता-उतरताना लावला. बूट नाडीचे नकोत. गोळ्या हँडबॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे नसांच्या दुखण्यावर सर्रास लिहून मिळणारी प्रेगाबालिन ब्रिटनमध्ये २०१९ पासून नियंत्रित औषधांत येते, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळीही तिथे नियंत्रितच, आणि आखातातून जाणार असाल तर तिथले नियम आणखी कडक आहेत, निघण्याआधी तपासाच. नवीन गोळी पहिल्यांदा विमानात घेऊन बघू नका, गुंगी किती येते ते घरी कळलेलं बरं. मलमाची ट्यूब १०० मिलीच्या आतली.

विमानात मी घड्याळ लावून उठले. दर चाळीस मिनिटांनी, जागी असले तर. मागे गॅलीत जायचं, दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, दोन्ही तळहात कमरेवर मागून टेकवायचे आणि हळूच मागे वाकायचं, पाच-सहा वेळा. मग टाचा वर-खाली वीस वेळा. पट्ट्याचा दिवा लागला की गुपचूप बसायचं आणि बसल्या बसल्या घोटे फिरवायचे. हे फक्त कमरेसाठी नाही, चार तासांपेक्षा जास्त प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका जवळपास दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मधे सांगितलंय, धोका मुळात कमी असतो पण ज्याला हालणंच नको वाटतं अशा आपल्यासारख्यांनी ते मनावर घ्यावं. पाणी भरपूर प्यायले, त्याने आणखी एक होतं, उठावंच लागतं.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिथली एअर होस्टेस, पंचविशीची असेल, म्हणाली, मॅम, स्लिप डिस्क आहे का? तिलाही होती, ट्रॉली ढकलून ढकलून. तिने मला भिंतीला कसं टेकायचं ते दाखवलं, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, कंबर भिंतीला सपाट दाबायची, दहापर्यंत मोजायचं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, बाहेर काळोख, आत सगळे झोपलेले. मला भरून आलं. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी न सांगता ओळखलं होतं.

सहाव्या तासानंतर दुखलं, नाही असं नाही. पोटरीत कळ आली, गोळी घेतली, पंच्याचा एक वेढा काढला, सीट अजून थोडी मागे केली, आधी मागच्या काकांना विचारून. उतरायच्या अर्धा तास आधी सीट सरळ करायला सांगतात तेव्हा मात्र त्रास होतो, त्यावेळी वळी पुन्हा जाड करून घ्यायची आणि चाकं टेकताना पाय जमिनीवर घट्ट, पाठ पूर्ण टेकलेली. सगळे उठून उभे राहिले तरी मी बसूनच राहिले. शेवटी उठले, डाव्या पायावर वजन टाकून बघितलं, पाय माझाच होता.

बाहेर भावोजी आले होते, दोन्ही बॅगा त्यांनी घेतल्या. आठव्या दिवशी भाची झाली. पंचा मी तिथेच ठेवला, मऊ सुती म्हणून तिला दुधानंतर खांद्यावर घेताना तोच घेत होतो, मग तो परत मागवेना. येताना बहिणीने तिचं एक दुपटं दिलं, तेच घट्ट गुंडाळून कमरेला लावून मी मोपापर्यंत आले.