हायवे २०, बाबा आणि चिलकोटिनचा घाट

बरेच दिवस लिहायचं राहिलं होतं. मागच्या सप्टेंबरमध्ये बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना घेऊन कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा हायवे २० केला, विल्यम्स लेक ते समुद्राकाठचं बेला कूला, साधारण साडेचारशे किलोमीटर. बाबांची सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत रस्त्यांवर गेली, त्यामुळे म्हटलं त्यांना डोंगर तळी दाखवण्यापेक्षा एक रस्ताच दाखवू.

विल्यम्स लेक सोडलं की थोड्या वेळात रस्ता खाली उतरून फ्रेझर नदी ओलांडतो आणि पलीकडे वर चढला की चिलकोटिनचं पठार सुरू. पिवळं गवत, मधेच पाइनची झाडी, आणि मैलोन् मैल रँचेसची लाकडी कुंपणं. ही कुंपणं बघण्यासारखी आहेत, खांबासाठी खड्डाच खणलेला नसतो, कारण जमीन दगडाची, मग पाइनचे सरळसोट वासे तिरके एकमेकांना टेकवून कुंपण उभं करतात. बाबांनी तीन वेळा गाडी थांबवायला लावली, नुसतं ते जोड कसे घेतलेत बघायला.

गुरं मोकळीच चरतात आणि रस्त्यावर येऊन उभीही राहतात. हॉर्न देऊन काही होत नाही, थांबायचं, ती आपल्या वेळेने जातात. मधे मधे रस्त्यात आडव्या लोखंडी पट्ट्या बसवल्यात, गाडी गेली की खडखडाट होतो, गुरांचा पाय त्यावर ठरत नाही म्हणून ती ओलांडत नाहीत. संध्याकाळनंतर मात्र इथे गाडी चालवू नका, हे अगदी मनापासून सांगते, काळी गाय काळ्या रस्त्यावर दिसत नाही. आणि निघताना टाकी फुल करा, पंप लांब लांब आहेत आणि बहुतेक वाटेवर मोबाईलला रेंज नाही.

हा सगळा मुलूख त्सिल्कोतिन लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा. १८६४ मध्ये समुद्राकडून त्यांच्या जमिनीतून सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम गोऱ्या वसाहतवाल्यांनी चालवलं होतं, त्याच्या दोन वर्षं आधी देवीच्या साथीत त्यांची असंख्य माणसं गेली होती, त्यांनी त्या रस्त्याच्या कामगारांवर हल्ला केला आणि बरेच जण मारले, मग बोलणी करायला म्हणून आलेल्या प्रमुखांना पकडून फाशी दिलं. एकूण सहा जणांना. २०१८ मध्ये पंतप्रधान ट्रूडोंनी संसदेत सांगितलं की ते निर्दोष होते. त्याआधी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सतराशेहून जास्त चौरस किलोमीटर जमिनीवर त्यांची मालकी मान्य केली, कॅनडात असा निकाल पहिलाच. मी हे सांगत होते तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "रस्ता म्हटलं की आम्ही कायम विचारलं, कुठून कुठे. कोणाच्या जमिनीतून, हे दुसऱ्या खात्याचं काम."

टॅटला लेकनंतर डावीकडे कोस्ट रेंजचे बर्फाचे डोंगर दिसायला लागतात. अनाहिम लेकच्या पुढे डांबर संपतं आणि खडीचा रस्ता सुरू होतो, मग हेकमन पास, उंची १५२४ मीटर, आणि तिथून सुरू होतो तो घाट ज्याला इथले लोक नुसतं 'द हिल' म्हणतात.

पाटीवर लिहिलेलं, उतार १८ टक्क्यांपर्यंत. बाबा ताठ बसले. "अठरा? म्हणजे साडेपाचास एक! आम्ही घाटात विसास एक धरायचो गं." कठडे नाहीत, काही ठिकाणी एकच गाडी जाईल एवढी रुंदी, एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खाली झाडांचे शेंडे. मी पहिला गिअर टाकला आणि इंजिनवरच गाडी उतरवत राहिले, ब्रेक फक्त वळणापुरता, समोरून चढणारी पिकअप आली की आपण कड्याकडे थांबायचं आणि तिला आधी जाऊ द्यायचं.

१९५३ पर्यंत हा तुकडा नव्हताच. सरकार म्हणालं इथून रस्ता होणं शक्य नाही, तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःच काम काढलं, वरून एक बुलडोझर, खालून एक, आणि २६ सप्टेंबर १९५३ ला दोघांची पाती एकमेकांना टेकली. लोकांनी नाव ठेवलं फ्रीडम रोड. रँचवाल्यांना समुद्र मिळाला, खालच्या खोऱ्यातल्या लोकांना बाहेर पडायला बोटीशिवाय दुसरी वाट मिळाली.

बाबांनी प्रत्येक वळणाला मान बाहेर काढून वर बघितलं. "आखणी कागदावर नाही केलेली," म्हणाले, "जागेवर उभं राहून केलीय, दगड जिकडे जाऊ देईल तिकडे." त्यांच्या तोंडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

खाली पोचलो तर हवाच वेगळी, दमट, देवदारासारखी प्रचंड झाडं, अटनार्को नदी. तिथे सॅमन खायला ग्रिझली येतात म्हणून गाडीच्या अगदी जवळच थांबलो. बाबांनी उतरून पुढच्या चाकाजवळ हात धरून गरमी बघितली आणि म्हणाले, "व्यवस्थित उतरवलीस."

परतीसाठी फेरीबोट बुक करणार होते, समुद्रातून आरामात गेलो असतो. बाबा नाही म्हणाले. त्यांना तोच घाट चढताना बघायचा होता.