जिटरबग

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या, मिशिगनमधल्या आमच्या कलामाझूत शनिवारी दुपारी कुणाच्या ना कुणाच्या गराजसमोर जुन्या वस्तू विकायला टेबलं मांडलेली असतातच. मला तिथून काही घ्यायचं नसतं. बायको म्हणते, काही घ्यायचं नसतं तो माणूसच सगळ्यात जास्त घेऊन येतो. त्या दिवशी एका टेबलावर कपबश्या, ख्रिसमसचे दिवे, वायर तुटलेली इस्त्री आणि या सगळ्यांच्या मागे मासेमारीच्या सामानाचा, हिरव्या पत्र्याचा एक डबा होता. झाकण उचललं की आतले कप्पे पायऱ्या होऊन वर येतात तसला. उघडल्याबरोबर गंज, जुनं रबर आणि सुकलेलं शेवाळ यांचा एकत्र वास आला. एका प्लॅस्टिकच्या डबीत रबरी गांडुळं इतकी वर्षं पडून होती की ती वितळून डबीलाच चिकटली होती. जांभळं गांडूळ कुठं संपतं आणि डबी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं.

वरच्या कप्प्यात एक काळं जिटरबग होतं, म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष. इकडं त्याला लुअर म्हणतात. लाकडी, अंगठ्यापेक्षा थोडं मोठं, तोंडापुढं पत्र्याचा रुंद ओठ, आणि त्या ओठाला शेजारी शेजारी दोन खोलगट वाट्या. मी ते उलटं केलं. पोटाखालचा तिहेरी गळ झुलून झुलून रंगात दोन्ही बाजूंनी अर्धगोल ओरखडे पडले होते आणि त्यातून पिवळं लाकूड दिसत होतं. संग्राहक असा ओरखडा पाहिला की तोंड वाकडं करतात. मला उलट बरं वाटतं. वस्तू कपाटात बसून राहिली नाही, पाण्यात गेली, एवढं तरी कळतं.

दोन डॉलर मागितले. मी घासाघीस केली नाही, हे बायकोला सांगितलेलं नाही.

ओहायोत अ‍ॅक्रनला राहणाऱ्या फ्रेड आर्बोगास्टनं हे १९३८ मध्ये बाजारात आणलं आणि आजही ते दुकानात लटकलेलं मिळतं. अंग आता प्लॅस्टिकचं असतं, ओठ तोच. मधे महायुद्धात धातू मिळेनासा झाला तेव्हा ओठही प्लॅस्टिकचे बसवले होते. तसले ओठ हल्ली जाणकार लांबूनच ओळखतात. पण मला नेहमी पडणारा प्रश्न वेगळाच आहे. हे नेमकं आहे तरी कोण? मासा म्हणावा तर शेपटी नाही, बेडूक म्हणावा तर पाय नाहीत, उंदीर म्हणावा तर असा ओठ घेऊन हिंडणारा उंदीर जगात झाला नसेल. नव्या लुअरना हुबेहूब खवले छापलेले असतात, आत खुळखुळणारे छर्रे असतात, डोळे तर असे की आपल्याकडंच रोखून बघतात. मला त्या डोळ्यांचा मनस्वी तिटकारा आहे. आणि पाण्यातला बास, म्हणजे इथल्या तळ्यांतला शिकारी मासा, मात्र ते सगळं सोडून या बिननावाच्या प्राण्यावर तुटून पडतो.

जिटरबगची सगळी भिस्त आवाजावर. जुलैतल्या रात्री, वारा पडलेला असताना, तळ्याच्या काठानं ते लांब टाकायचं, पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत थांबायचं आणि मग एका लयीत ओढत आणायचं. ओठाच्या दोन वाट्या आळीपाळीनं पाणी ढकलतात, अंग डावीउजवीकडं डोलतं, आणि अंधारातून डुबुक-डुबुक-डुबुक असं काहीतरी आपल्या दिशेनं चालत येतं. मग मधेच एक खळ्ळकन आवाज होतो आणि डुबुक बंद. इथं हात आवरता आला पाहिजे. आवाज ऐकून झटका दिला तर लुअर भिरभिरत थेट आपल्या टोपीकडं येतं. काठीला वजन जाणवेपर्यंत थांबायचं. अंधारात तेवढा एक क्षण फार मोठा होतो.

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मामाच आठवला, कारण मामानं मला जन्मभराची ताकीद दिली होती ती नेमकी आवाजाबद्दल.

आजोळ सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. मामा मरळ धरायचा. पावसाळा ओसरताना ओढा नदीला मिळतो त्या कोपऱ्यात केंदाळ साचायचं, आणि केंदाळाच्या फटींतून मरळ श्वास घ्यायला वर यायची. गुळुक असा बारीक आवाज, एक बुडबुडा, बस. मामाच्या हातात कळकाची काठी आणि जाड तंगूस. बेडकं माझ्याकडं, पत्र्याच्या डब्यात, वरून ओलं गोणपाट. डबा मांडीवर घेतला की आतली धडपड थेट मांडीला कळायची. मामा बेडूक गळाला लावायचा तो पाठीच्या कातडीतून, जेमतेम, म्हणजे पाय मोकळे राहतात आणि तो पोहत राहतो. मी तेवढ्यापुरता पलीकडच्या काठावरच्या म्हशी मोजायचो. मग बेडूक केंदाळाच्या कडेला अलगद ठेवायचा, किंचित उचलायचा, पुन्हा ठेवायचा. आणि नेमका तेव्हाच मला खोकला यायचा.

"गप की रं," मामा मान न वळवता म्हणायचा. "मासा हाय त्यो, बहिरा न्हाई."

आणि इथं माणसं पाण्यावर जाणूनबुजून आवाज करतात, त्यासाठी ओठ घडवतात, पेटंट घेतात. मामाला हे फोनवर सांगितलं तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

आमच्यापासून तासाभराच्या आत डोवाजॅक नावाचं गाव आहे. तिथल्या जेम्स हेडन या मधमाश्या पाळणाऱ्या गृहस्थाची गोष्ट इकडं शाळकरी पोरालाही माहीत असते. गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट बघत बसला होता, चाळा म्हणून चाकूनं लाकूड तासत होता, आणि उठताना तो तुकडा त्यानं पाण्यात भिरकावला. बासनं तो उडवला. खरं किती, कंपनीनं रचलेलं किती, ते सोडा. पण एकोणिसावं शतक संपता संपता या माणसानं लाकडाचे बेडूक कोरले आणि मित्रांना वाटले, एवढं खरं. आज त्यातले जे थोडे उरलेत त्यांच्यासाठी लोक जीव टाकतात. त्याच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत संग्रहालय आहे. काचेमागं रांगेनं मांडलेली लाकडी लुअर, काचेचे डोळे, रंगाला बारीक बारीक तडे. ती रांग पाहताना मला राहून राहून वाटत होतं की पहिला आकार म्हणून याला बेडूकच का सुचला हे मामानं एका वाक्यात सांगितलं असतं.

(कलामाझूचा स्वतःचा अभिमान वेगळा आहे. इथं १८९७ मध्ये मासेमारीच्या रिळांची कंपनी काढणाऱ्या गृहस्थाचं नाव विल्यम शेक्सपिअर. खरंच. त्याचं नाव कोरलेलं रीळ माझ्याकडं आहे. पाहुण्यांना मी ते दाखवतो आणि ते हसतात. मग विषय संपतो.)

हेडनच्या कंपनीचंच झारा स्पूक. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या सारागोसा रस्त्यावरून त्याचं आधीचं नाव पडलं होतं, झारागोसा. तो रस्ता कोणत्या व्यवसायासाठी प्रसिद्ध होता हे इथल्या म्हाताऱ्यांकडून डोळे मिचकावत ऐकायचं असतं. हे लुअर पाण्यावर कमरेत लचकत चालतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. १९३९ पासून ते प्लॅस्टिकचं आहे. त्याला ओठ नाही, चमचा नाही, काहीच नाही. सिगारसारखा नुसता दांडका. नाचवायचं काम सगळं मनगटाचं. तंगूस ढिली सोडून बारीक बारीक झटके द्यायचे, मग ते एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं तोंड फिरवत येतं. माझ्या हातात ते सरळ ओढल्यासारखंच येतं. माझा शेजारी, वयानं सत्तरीतला, हे इतक्या सहज करतो की तितक्या सहज शेक्सपिअरचं नावही घेत नाही.

त्यालाच मी एकदा विचारलं, की बासला यात खाण्यासारखं दिसतं तरी काय? तो म्हणाला, खाण्यासारखं दिसलंच पाहिजे असं कुणी सांगितलं? कधी भूक असते, कधी नसते. पण डोक्यावरून कुणीतरी खडखडत, हद्दीतून, पुन्हा पुन्हा गेलं, तर तो चिडतो. बासला हात नाहीत. जे काय करायचं ते तोंडानं.

हे मला एकदम पटलं, आणि पटण्याचं कारण मासे नव्हतं. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक काका आहेत. रोज सकाळी काहीतरी सोडतात. कधी हळदीनं बरे होणारे आजार, कधी इतिहास. मी वाचतो आणि पुढं जातो. दुपारी तेच पुन्हा येतं, दुसऱ्या कुणीतरी पुढं ढकललेलं. मी पाण्यात गप्प असतो. संध्याकाळी काका त्याखाली फक्त "विचार करा" असं लिहितात. आणि मग, पोट भरलेलं असताना, कशाचीही गरज नसताना, मी टाइप करायला लागतो. त्या मजकुराला खवले नसतात, हुबेहूब डोळे नसतात, तो कशासारखाही दिसत नाही. तरी मी दर वेळी लागतो. काकांचं वय ऐंशीच्या पुढं आहे आणि त्यांना अजून नवं काही शोधावं लागलेलं नाही.

मामाला मात्र असलं तत्त्वज्ञान चालत नाही. परवा व्हिडिओवर त्याला जिटरबग दाखवलं. त्यानं चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

"ह्येनं मासा घावतो?"

"घावतो की."

"मंग? खाता का?"

"नाही मामा. बघायचा आणि सोडायचा."

पलीकडं जरा वेळ कोणी बोललं नाही. मग मागून मामीचाच आवाज आला, "तब्येत बरी हाय न्हवं त्येची?"

मग मी मामाला जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली. १९३२, जूनची २ तारीख, अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. मंदीचे दिवस, पावसानं शेतात पाय ठेवता येईना, म्हणून हा विशीच्या आसपासचा शेतकरी पोरगा मित्राला घेऊन ओकमल्गी नदीनं सोडून दिलेल्या एका वळणात उरलेल्या तळ्यावर गेला. मॉन्टगोमेरी लेक त्याचं नाव. दोघांत मिळून एकच लुअर होतं असं सांगतात. इंडियानातल्या क्रीक चब कंपनीचं, लाकडी. त्याला जो बास लागला तो २२ पौंड ४ औंस भरला, म्हणजे दहा किलोच्या वर. जगातला विक्रम. आणि वजन, मोजमाप झाल्यावर पेरीनं तो घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला.

"शाना मानूस," मामा म्हणाला. पहिल्यांदाच त्याला या सगळ्या प्रकरणात कोणीतरी आपलं भेटलं होतं.

तो विक्रम २००९ पर्यंत कुणाला गाठता आला नाही. मग जपानात बिवा तलावावर मानाबू कुरिता यानं काही ग्रॅमच जड मासा धरला, पण तो जिवंत ब्लूगिल, म्हणजे एक छोटा मासा, गळाला लावून. हे ऐकल्यावर मामा खुर्चीत सरसावून बसला. "म्हंजी जित्तंच लागतंय. बघ." मी म्हटलं, पण पेरीचं लाकडीच होतं. ते त्याला ऐकू गेलं नाही. मामाला हवं तेव्हा ऐकू येत नाही.

गंमत म्हणजे त्याच्याच घरात आता रबरी बेडूक आहे. मामेभावाच्या पोरानं ऑनलाइन मागवलाय. पोकळ, मऊ, दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळं केंदाळावरून अडकल्याशिवाय सरपटत येतो आणि मरळीनं दाबला की मगच गळ उघडे पडतात. पोरगा त्याच ओढ्यावर मरळ धरून व्हिडिओ पाठवतो. पाठीमागं मामाचा आवाज असतो, "ह्येला ना वास ना चव." आणि पडद्यावर मरळ तो रबरी तुकडा सोडायला तयार नसते.

मामाचा एक नियम होता. तो त्यानं कधी मला बोलून सांगितला नाही, मी पाहून शिकलो. मरळीची पिल्लं लहान असताना पाण्यावर तांबूस घोळक्यानं हिंडतात, हातभर जागेत नुसती वळवळ, आणि त्यांच्या खाली आई-बाप पहाऱ्याला असतात. त्या घोळक्यात बेडूक टाकला की खालून हटकून मरळ येते. भुकेनं नाही, हे सांगायला नकोच. काठावरचे बाकीचे तेवढंच करायचे, मोठी मरळ मिळवायची सगळ्यात सोपी रीत म्हणून. मामा तो घोळका दिसला की तंगूस गुंडाळायचा आणि बेडकांचा डबा उलटा करायचा. मला राग यायचा. एवढी बेडकं मी पकडलेली असायची.

बासचंही तेच आहे. इथं मे महिन्यात पाणी जरा उबदार झालं की नर काठाजवळच्या उथळ खडीत शेपटीनं बशीसारखी गोल जागा साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि हा तिथंच पहारा देत राहतो. त्या दिवसांत तो फारसं खात नाही आणि जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. चमचा टाका, लाकूड टाका. काठावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो, इतका उघडा. तो धरून, फोटो काढून, अगदी हळुवार परत सोडला तरी तेवढ्या वेळात शेजारचे ब्लूगिल घरट्यात शिरलेले असतात. मिशिगनमध्ये बास धरून लगेच सोडायला वर्षभर परवानगी आहे, तेव्हा नियमाचा प्रश्न नाही.

मी मेमध्ये तळ्यावर जातो, खुर्ची टाकून बसतो, डबा उघडतही नाही. शेजाऱ्याला हे बघवत नाही. ऐन हंगामात काठी घरी ठेवून येणारा माणूस त्यानं पाहिलेला नाही. तुमच्या धर्मात या महिन्यात उपास असतो का, असं त्यानं गेल्या वर्षी फार अदबीनं विचारलं. मी हो म्हणून सांगितलंय.