रोग लागत नाही असं लिहून द्या

काकांना औषध नको होतं, कागद हवा होता. "मॅडम, कुत्र्याचा रोग माणसाला लागत नाही एवढं लेटरहेडवर लिहा आणि शिक्का मारा. बाकीचं नंतर बघू." बंड्या त्यांच्या पायाशी बसून पुढचा पंजा चाटत होता. पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३४ किलो. जुलैचा महिना, चिपळूणचा पाऊस. दवाखान्याची दारं-खिडक्या बंद होत्या, त्यामुळे त्याचा वास खोलीभर पसरला होता.

पावसाळ्यात त्वचेचे कुत्रे रोजच येतात. ही केस मात्र अजून डोक्यातून जात नाही, त्याचं कारण तो कागद.

काकांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या आत, ३२व्या आठवड्यात, बाळंत झाली. बाळ काही आठवडे काचेच्या पेटीत राहून चारच दिवसांपूर्वी घरी आलं होतं. डिस्चार्जच्या वेळी बाळाच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात प्राणी आहे का. कुत्रा आहे म्हटल्यावर ते म्हणाले, दूर ठेवा. काकूंनी हे ऐकलं आणि घरी येऊन बंड्याकडे पाहिलं. मान काळवंडलेली, काखेत आणि जांघेत केस गेलेले, कातडी जाड आणि चिकट, कानातून तपकिरी मळ. त्या म्हणाल्या, "खरूज झालेलं कुत्रं बाळाच्या घरात नको." मला त्यांचं काही चुकीचं वाटलं नाही. दीड किलोच्या जिवाला त्यांनी काचेतून पाहिलेलं होतं.

पण रोग कुठला हे ठरल्याशिवाय तो लागतो की नाही हे कोण सांगणार? आधीच्या उपचारांचे कागद मागितले. कागद नव्हता, काकांच्या आठवणीतून माहिती मिळाली. आयव्हरमेक्टिनची इंजेक्शनं झाली होती, शेवटचं मागच्याच आठवड्यात. सोबत 'खाजेचं' म्हणून एक इंजेक्शन. ते स्टेरॉइड असणार, कारण त्यानंतर आठवडाभर खाज थांबायची आणि मग दुपटीने यायची. मधल्या काळात मेडिकलमधून आणलेलं माणसांचं मलम. त्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जहाल स्टेरॉइड एकत्र. कुत्रं ते चाटून पोटात घेतं, आणि वर राहतं तेवढ्या स्टेरॉइडने कातडी पातळ होते. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने खोबरेल तेलही चोळून झालं होतं. पुढे बंड्याच्या अंगावर सापडली ती यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, त्वचेच्या तेलकटपणावरच जगते, तिला वरून आणखी तेल मिळालं.

या सगळ्यात एकानेही बंड्याची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली नव्हती. याचा मला मनापासून राग येतो. त्वचेचा कुत्रा आला की आयव्हरमेक्टिन टोचायचं, ही आपल्याकडची रीत झाली आहे. आयव्हरमेक्टिन किड्यांचं औषध आहे, यीस्टला त्याने काही होत नाही. जी तपासणी पाच मिनिटांत होते आणि जिला सेलोटेपच्या तुकड्यापलीकडे खर्च नाही, ती न करता जनावराला महिनोन्महिने खाजवत ठेवणं मला पटत नाही.

ती तपासणी मी काका-काकूंसमोर केली. पारदर्शक सेलोटेप मानेखालच्या घडीत, पंजाच्या बोटांमध्ये आणि काखेत त्याच जागी चार-पाचदा दाबली. स्लाइड रंगवायच्या आमच्याकडे तीन बरण्या असतात: पहिलीत मिथेनॉल, दुसरीत लाल रंग, तिसरीत निळा. टेप असेल तर पहिली बरणी वगळायची, नाहीतर चिकटा विरघळून सगळं धूसर होतं. मी स्लाइडवर निळ्याचा थेंब टाकते, त्यावर टेप चिकटवते आणि जास्तीचा रंग टिपून घेते. मग वर तेलाचा थेंब आणि शंभरची लेन्स. कानातला मळ कापसाच्या काडीने वेगळ्या स्लाइडवर फिरवून घेतला. आधी ओटोस्कोपने कानाचे पडदे शाबूत असल्याची खात्री केली, कारण पडदा फाटलेला असेल तर काही थेंब आतल्या कानाला इजा करतात.

फोकस लागला तसा जांभळ्या पेशींचा थर वर आला आणि त्यावर जिकडेतिकडे मॅलॅसेझिया, तीच ती यीस्ट. भुईमुगाच्या शेंगेसारखा आकार, एक टोक मोठं, एक लहान, मध्ये कंबर, कारण नवी पेशी एकाच बाजूने फुटून निघते. लाल रक्तपेशीहूनही लहान. निरोगी कुत्र्याच्या कानात, ओठांच्या कडेला, बोटांमध्येही ही थोडी सापडतेच, म्हणून एक दिसली की रोग म्हणता येत नाही. किती म्हणजे जास्त, याचा सगळ्यांना मान्य असा आकडा नाही. संख्या, जागा आणि लक्षणं एकत्र बघावी लागतात. बंड्याच्या टेपवर मोजायची वेळच आली नाही. जिथे लेन्स नेली तिथे गठ्ठे होते, अधूनमधून गोल जिवाणूही होते.

मी काकूंना खुर्चीवरून उठवून आयपीसला डोळा लावायला लावला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं त्याच्या अंगावर?" मग लगेच, "आणि हे बाळावर येणार?"

आधी खरजेचा निकाल लावायचा होता, कारण कुत्र्याची खरी खरूज माणसाला लागते. ब्लेडने कानाच्या कडा आणि कोपरं खरवडली, पॅराफिनमध्ये पाहिली, किडा नव्हता. कानाची कड चोळल्यावर मागचा पाय खाजवायला उठतो का तेही पाहिलं, उठला नाही. घरात कोणाला खाज नव्हती. तरीही खरवडून किडा मिळाला नाही म्हणजे तो नाहीच असं म्हणता येत नाही, अंगावर अगदी थोडे असले की हुकतात. म्हणून अफॉक्सोलानेरची चघळायची गोळी दिली. ती खरजेच्या आणि डेमोडेक्स नावाच्या, अशा त्वचेच्या दोन्ही प्रकारच्या किड्यांवर चालते. नायट्याचे गोल चट्टे नव्हते, पण केस उपटून कल्चरला, म्हणजे त्यातून बुरशी उगवते का ते पाहायला, पाठवले. त्या अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात.

आता काकूंचा प्रश्न. पन्नासातल्या एकोणपन्नास वेळा मी सरळ 'नाही' म्हणून मोकळी झाले असते. पण समोर ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ होतं आणि मला एक शोधनिबंध आठवत होता. १९९८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला. अमेरिकेतल्या एका नवजात अतिदक्षता विभागात बाळांना मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिसचा संसर्ग झाला, म्हणजे हीच, कुत्र्यांच्या त्वचेवरची. शोध घेत गेल्यावर तोच प्रकार तिथल्या कर्मचाऱ्यांच्या घरच्या कुत्र्यांवर सापडला. कुत्रा कधी रुग्णालयात गेला नव्हता. यीस्ट हातांवरून गेली होती. हात धुण्याची शिस्त कडक केली आणि साथ थांबली. ती बाळं अगदी कमी वजनाची होती, आजारी होती, शिरेतून स्निग्ध द्रव घेत होती. काकांचं नातवंड आता घरी होतं, आईचं दूध पीत होतं, अंगाला एकही नळी नव्हती. दोन्हींत फार मोठं अंतर आहे. पण 'कधीच नाही' या शब्दांखाली सही करायला हात धजेना.

मी लिहिलं ते असं: 'या कुत्र्याच्या त्वचेवर मॅलॅसेझिया यीस्टची अतिवाढ झाली आहे. ही यीस्ट निरोगी कुत्र्यांवरही असते. खरजेचे किडे तपासणीत आढळले नाहीत, तरी त्यावरचं औषध दिलं आहे. बुरशीच्या कल्चरचा अहवाल यायचा आहे. माणसाला या यीस्टपासून आजार होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हाताळण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत व कुत्र्याला बाळाच्या खोलीत नेऊ नये. कुत्र्याला घरातून काढण्याची गरज नाही.'

काकांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, ते अत्यंत कमी काढून नुसतं नाही असं लिहाल का? ही तेवढंच वाचणार." मी म्हटलं, "काका, नाही लिहिता येणार." ते काही बोलले नाहीत. घडी घालून कागद खिशात ठेवला.

त्यांच्या परवानगीने संध्याकाळी मी बाळाच्या डॉक्टरांना फोन केला. माणसांचे डॉक्टर आणि आम्ही एकाच गावात बसतो, एकाच घरातले रुग्ण बघतो आणि एकमेकांना कधी फोन करत नाही. कुत्रा दूर ठेवा म्हणणारे पुष्कळ भेटतात, कुत्र्याला काय झालंय हे विचारणारा विरळा. हे डॉक्टर निदान ऐकून घेणारे निघाले. तो निबंध त्यांनी वाचलेला नव्हता, मी पाठवला. ते म्हणाले, हात धुणं आणि वेगळी खोली एवढं पुरेसं आहे, मी तसं त्यांना सांगतो. त्यांनी सांगितलंही.

तोवर काकूंचा निर्णय झाला होता. बंड्या काकांच्या भावाकडे गुहागरला गेला.

आता खरी अडचण उपचाराची. मॅलॅसेझियावर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो आंघोळीचा: २ टक्के मायकोनॅझोल आणि २ टक्के क्लोरहेक्सिडीन असलेला शॅम्पू, आठवड्यातून दोनदा. २०२० साली पशुत्वचारोगांच्या जागतिक संघटनेने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांतही हेच आहे. पोटातून इट्राकोनॅझोल किंवा किटोकोनॅझोल हे बुरशीचं औषध देता येतं, पण आयव्हरमेक्टिन नुकतंच टोचलेलं होतं. ही औषधं आयव्हरमेक्टिनला शरीरात रेंगाळत ठेवतात, मेंदूपर्यंत पोचू देतात आणि कुत्रं लडखडायला लागतं. यकृताचा रिपोर्टही हातात नव्हता. म्हणून सुरुवात फक्त आंघोळीने.

आणि आंघोळ म्हणजे काय हे लोकांना सांगावं लागतं. शॅम्पू लावला की लगेच पाणी ओततात, मग औषध मोरीत जातं आणि यीस्ट अंगावर राहते. फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे, घड्याळ लावून. काखेत, जांघेत, शेपटीखाली, बोटांच्या मध्ये हात घालून चोळायचं. मग पूर्ण धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. कोकणात जुलैमध्ये ३४ किलोचा लॅब्रॅडॉर कोरडा करणं हे अर्धं काम आहे. आधी टॉवेल, मग पंख्याखाली, बोटांच्या बेचक्या परत एकदा पुसायच्या. भावाच्या घरी हे कोण करणार?

काकांनी केलं. ते एसटीतून निवृत्त झालेले. बुधवारी आणि रविवारी सकाळच्या गाडीने गुहागरला जायचे, बंड्याला आंघोळ घालायचे, कान पुसून थेंब टाकायचे, कोरडा होईपर्यंत पंख्याखाली घेऊन बसायचे आणि दुपारच्या गाडीने परत. घरी आले की मागच्या दारी कपडे बदलून, कोपरापर्यंत हात धुऊनच आत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी कागदावरून घेतलं होतं. औषध कितीही चांगलं असलं तरी बरं करणारा माणूस हा असतो, असं मला वाटतं.

तीन आठवड्यांनी ते बंड्याला एका ओळखीच्या टेम्पोतून तपासणीला घेऊन आले. वास गेला होता. मानेची कातडी मऊ पडली होती, काखेत बारीक लव आली होती. मानेच्या टेपवर यीस्ट शोधावी लागली. कल्चरमध्ये नायटा निघाला नाही. फक्त पंजांत अजून बऱ्यापैकी होती, म्हणून यकृताचा रिपोर्ट पाहून इट्राकोनॅझोल सुरू केलं, आठवड्यातून सलग दोन दिवस, तीन आठवडे.

पंजे तो अजून चाटतो. कारण यीस्ट ही दुसऱ्या कशाच्या तरी मागून येते. बंड्याला दोन वर्षांचा असल्यापासून दर पावसाळ्यात पंजे आणि कान यांची खाज आहे, म्हणजे मुळाशी ॲलर्जी असणार. थायरॉइडची शंका आहे, पण स्टेरॉइडने तो आकडा खोटा खाली येतो, म्हणून ती तपासणी मुद्दाम पुढे ढकलली. आठ आठवडे ठरावीकच अन्न देऊन बघायचं आहे. यासाठी त्याने कधी न खाल्लेलं प्रथिन लागतं आणि कोकणातल्या घरात वाढलेल्या कुत्र्याने मासे, कोंबडी, अंडी, दूध सगळं खाल्लेलं असतं. भात बंद करा, साखरेने यीस्ट वाढते, असं काकांना कोणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं. ते खरं नाही हे सांगितलं. शेवटी मटण आणि रताळी ठरलं. खर्चाचं ऐकून काका जरा थांबले, मग हो म्हणाले. ॲलर्जी जाणार नाही, आवरत राहावी लागेल, हेही सांगितलं.

काकूंनी स्वतःची अट घातली आहे: बाळ चार किलोचं झालं की बंड्याला आणा. हा आकडा बाळाच्या डॉक्टरांनी दिलेला नाही, मीही दिलेला नाही. मी 'नाही' लिहिलं असतं तर बंड्या एक दिवसही घराबाहेर गेला नसता, असं काका एकदा सहज बोलून गेले. तक्रार नव्हती ती. मी तोच मजकूर पुन्हा लिहीन, त्यात बदल करण्यासारखं मला काही सापडलेलं नाही. पण त्या दिवशी काकूंना सूक्ष्मदर्शकातून ते गठ्ठे दाखवले, तसे माझ्या स्वतःच्या हातावरचे, साबणाने धुण्याआधीचे आणि नंतरचे, दोन टेप शेजारी लावून दाखवले असते तर त्यांनी कागदाचा शेवटचा भाग वाचला असता का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. बंड्या पुढच्या तपासणीला येईल तेव्हा काकूंनाही बोलावलं आहे.