बोट न लावता लागलेला ब्रेक

पिकअपमधून मोटरसायकल खाली घेताना पुढचं चाक फिरत होतं, पण जड. डिस्कवर पॅड घासल्याचा आवाज सलग येत होता. गाडी बघताक्षणी ओळखली. आठ दिवसांपूर्वी मीच तिला हँडगार्ड, म्हणजे हँडलवर हातापुढे बसणारी संरक्षक कवचं, बसवून दिले होते.

गाडीवाला लंगडत उतरला. चिखलाच्या उतारावर, चालण्याच्या वेगानं येत असताना पुढचं चाक जागीच थांबलं आणि तो हँडलवरून पुढे गेला. गुडघा सोलला, बाकी सुखरूप. "दादा, ब्रेकला माझं बोटसुद्धा नव्हतं," तो म्हणाला. पडल्यावर असं सांगणारे पुष्कळ येतात आणि बहुतेक वेळा घाबरून लिव्हर दाबला गेलेला असतो. पण त्याचं पुढचं वाक्य ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला. "तिथे चाक ठार जाम होतं. अर्ध्या तासानं आपोआप सुटलं. परत निघालो, तर दोन-तीन किलोमीटरवर पुन्हा तेच."

पॅड दाबणारा चाकाजवळचा पिस्टन चिखलानं अडकला असता तर तो असा आपोआप सुटला नसता. गार झाल्यावर सुटणारा आणि चालवल्यावर धरणारा ब्रेक म्हणजे नळीत कुठेतरी दाब कोंडलेला असतो.

तोवर हेल्परनं कॅलिपर, म्हणजे पॅड आणि तो पिस्टन धरणारा भाग, काढायला घेतला होता. त्याला थांबवलं आणि ब्लीड निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, जेमतेम पाव फेरा सैल केला. ब्रेक ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि जड फिरणारं चाक हाताच्या एका टिचकीनं गरगर फिरलं. पॅड ठीक, पिस्टन ठीक. दोष वर हँडलवर, मास्टर सिलिंडरपाशी होता. लिव्हर दाबला की त्यातला दुसरा पिस्टन ऑइल खाली ढकलतो.

निपल आवळून लिव्हरकडे आलो. चांगल्या ब्रेकचा लिव्हर सुरुवातीला जरासा रिकामा हलतो, मग या वरच्या पिस्टनला लागतो. आपण त्याला फ्री प्ले म्हणतो. इथे तो अजिबात नव्हता. ऑइलच्या डबीचं झाकण उघडून लिव्हर हळूच दाबला. डबीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. लिव्हर दाबायला लागलं की पिस्टन ते भोक झाकेपर्यंत तिथून ऑइलची छोटीशी लाट वर येते. इथे ऑइल ढिम्म. म्हणजे लिव्हर सोडलेला असतानाही पिस्टन त्या भोकाच्या पुढेच अडकून बसलेला होता.

बॅटरी लावून हँडगार्डच्या आतल्या बाजूला बघितलं. ॲल्युमिनियमच्या पट्टीचा काळा रंग एका जागी उडाला होता. नखाच्या टोकाएवढा चमकता डाग, आणि त्यालाच टेकलेला लिव्हरच्या टोकाचा गोळा. पट्टीचा आतला क्लॅम्प सैल करून गार्ड किंचित पुढे ओढला. टक् असा आवाज करत लिव्हर तीन-चार मिलिमीटर पुढे सरकला आणि डबीत एक बुडबुडा वर आला.

तो आवाज ऐकला आणि माझ्या पोटात गोळाच आला. ज्या लिव्हरला वाचवायला ही पट्टी मी बसवली, तीच पट्टी आठ दिवस तो दाबून धरत होती.

गार्ड बसवतानाचा दिवस मला नीट आठवत होता. हँडगार्ड दोन तऱ्हेचे. एक उघडा, फक्त आतल्या बाजूला धरलेला. तो फांद्या आणि पुढच्या गाडीनं उडवलेले खडे अडवतो, पण गाडी पडली तर लिव्हरला वाचवत नाही. दुसरा हाताला पूर्ण वळसा घालणारा, आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेला. तिचं एक टोक हँडलला क्लॅम्पनं धरतात, दुसरं हँडलच्या टोकात. गाडी पडली की जमिनीचा मार पट्टी घेते आणि लिव्हर वाचतो. पडताना मनगट पट्टीत अडकेल म्हणून काही जण ती टाळतात आणि त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण जंगलात झाडाच्या बुंध्याला हात घासत जाणाऱ्याला मी पट्टीवालाच देतो. यालाही तोच दिला.

ग्रिपच्या जागी हँडलची बाहेरची जाडी साधारण सगळीकडे 22.2 मिलिमीटर. आतलं भोक मात्र लोखंडी हँडलचं मोठं, ॲल्युमिनियमचं लहान, म्हणून टोकात जाणारी फुलणारी खुंटी त्या मापाची निवडावी लागते. बोल्ट आवळला की ती आत फुलून घट्ट धरते. डाव्या बाजूला फक्त ग्रिपचं बंद टोक कापलं की काम झालं. उजवीकडे एक्सलेटरची नळीही बंद टोकाची असते, तीही कापावी लागते आणि नळी व खुंटी यांच्यात दीड-दोन मिलिमीटर मोकळे ठेवावे लागतात. नाहीतर एक्सलेटर सोडल्यावर परत येत नाही, आणि ते ब्रेक जाम होण्यापेक्षाही वाईट.

या गाडीत अडचण आतल्या क्लॅम्पची होती. मास्टर सिलिंडरमधून ब्रेकची नळी जिथून निघते, नेमकी तीच जागा क्लॅम्पला हवी होती. नळी मुडपायची नव्हती, म्हणून क्लॅम्प खालच्या अंगाला फिरवला आणि त्यामुळे पट्टी लिव्हरच्या जवळ आली. तरी मध्ये बोट जाईल एवढी फट होती. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवलं, क्लचची केबल ताणत नाही ना ते पाहिलं, एक्सलेटर सोडल्यावर खटकन बंद होतो का ते पाहिलं, दोन्ही लिव्हर ग्रिपपर्यंत दाबून पाहिले. सगळं चोख होतं. मग ती फट गेली कुठे?

"गाडी नेल्यावर इथे काही हलवलंत का?"

"जाड हातमोजे घेतले ना, म्हणून लिव्हर थोडा लांब केला. तो स्क्रू फिरवला, दोन-तीन फेरे."

तो स्क्रू लिव्हर आणि पिस्टन यांच्यामध्ये असतो. तो आत घेतला की पिस्टन आपल्या जागी राहतो आणि लिव्हर पुढे जातो, बोटांपासून लांब. पण पुढे पट्टी असेल तर? पहिल्या फेऱ्यांत लिव्हर पट्टीला टेकला. तिथून पुढे तो जाऊ शकत नव्हता, स्क्रू मात्र फिरतच होता, मग त्यानं उलट पिस्टनलाच आत ढकललं. डबीचं ते बारीक भोक झाकलं गेलं. पॅड डिस्कला किंचित घासू लागले, ऑइल तापलं, तापून फुगलं. एरवी ते त्या भोकातून डबीत परत आलं असतं. इथे वाटच बंद, म्हणून सगळा दाब पॅडवर. दाब वाढला की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की उष्णता वाढते. शेवटी चाक थांबतं.

लिव्हरला बोटाशिवाय दुसरं काही लागलं तर काय होतं, हे मोटोजीपीच्या मोटरसायकल शर्यतींत सगळ्यांनी पाहिलेलं आहे. 2006 साली कातालुन्याच्या शर्यतीत सुटल्यासुटल्या पहिल्या वळणाकडे जाताना सेते जिबेरनाऊचा ब्रेक लिव्हर त्याच्याच संघातल्या लोरिस कापिरोस्सीच्या गाडीला लागला आणि जिबेरनाऊची गाडी पुढच्या चाकावर उलटली. तिथे तो एका क्षणाचा धक्का होता. माझ्या पट्टीचा दाब रोजचा होता.

हेल्पर म्हणाला, "दादा, लिव्हरचा गोळा थोडा घासून टाकू, जागा होईल." असं करणारे आहेत. मी ते करत नाही. पडल्यावर टोकदार लिव्हर अंगात घुसू नये म्हणून तो गोळा असतो आणि एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या शर्यतीच्या नियमांत तो किमान 16 मिलिमीटर व्यासाचा लागतो. लिव्हर कापून गार्डला जागा करून देणं मला पटत नाही, हलायचं तर गार्डनं हलावं.

सगळं पुन्हा सैल केलं. मास्टर सिलिंडर हँडलवर एक सेंटिमीटर आत सरकवला, म्हणजे गोळा पट्टीच्या वळणापासून दूर आला. क्लॅम्पखाली लांब स्पेसर घालून पट्टी पुढे घेतली आणि नळी तिच्या मागून मोकळी गेली. आधी टोकाचा बोल्ट, मग क्लॅम्प, दोन्हींच्या आट्यांना लॉक लिक्विड. मग तो स्क्रू मी स्वतः शेवटपर्यंत फिरवला, लिव्हर जेवढा म्हणून लांब जाऊ शकतो तेवढा, आणि तेव्हा फट मोजली. हे मी आठ दिवसांपूर्वी करायला हवं होतं. त्या दिवशी मी लिव्हर जिथे होता तिथेच तपासला, तो कुठवर जाऊ शकतो याचा विचार केला नाही.

ब्रेक ऑइलही बदललं. नवं डॉट 4 दर्जाचं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्याची हमी 155 पर्यंत खाली येते, आणि हे तर दोनदा भाजून निघालेलं. डबीच्या तळाशी लाट येते का ते पुन्हा पाहिलं. आली. अर्धा तास चढ-उतारावर ट्रायल मारून आलो, स्टँडवर घेऊन चाक फिरवलं. हात काढल्यावरही ते कितीतरी वेळ फिरत राहिलं.

गाडीवाल्याला सगळं जसं घडलं तसं सांगितलं, चूक माझी आहे हेही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तो स्क्रू मला एकदा फिरवून दाखवा." दाखवला. त्यानं स्वतः दोन वेळा फिरवून पाहिला, पट्टीच्या आत बोट घालून पाहिलं आणि गाडी घेऊन गेला.

संध्याकाळी रजिस्टर काढलं. गेल्या तीन महिन्यांत त्याच मापाचे गार्ड मी नऊ गाड्यांना बसवले होते. राहिलेल्या आठही जणांना फोन करून गाड्या दाखवायला बोलावलं. पाचव्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला तसाच डाग निघाला. त्याची काहीच तक्रार नव्हती. "उलट आता ब्रेक कसा लगेच लागतो," तो म्हणाला. त्याची किल्ली मी दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्याकडेच ठेवून घेतली.