आमची वाटचाल: स्प्रिंग, सळ्या आणि रबरी चेंडू

वीज न वापरता यंत्रातल्यासारखा आवाज काढणारी वाद्यं आम्ही बनवतो. या कामाची सुरुवात स्प्रिंग ड्रमपासून झाली, आणि सर्वात बारकाईचं काम आजही तेच आहे. 10 सें.मी. व्यासाची, 25 सें.मी. लांबीची जाड पुठ्ठ्याची नळी घ्यायची, तिच्या एका तोंडावर 0.25 मि.मी. जाडीची पॉलिएस्टर फिल्म ताणायची आणि फिल्मच्या मध्यातून स्प्रिंग लोंबती सोडायची. बारीक, लांब स्प्रिंग लावली तर नळी हलवताच ढगांचा गडगडाट होतो. लेझरसारखा ‘प्यूंऽऽ’ हवा असेल तर मात्र सुमारे 7 सें.मी. रुंद कड्यांची, स्लिंकी खेळण्यासारखी सैल स्प्रिंगच लागते.

त्यामागचं कारण तारेत आहे. वाकण्याच्या लहरी तारेतून एकाच वेगाने जात नाहीत. वारंवारता चौपट असेल, तर लहर दुप्पट वेगाने जाते. त्यामुळे एकाच टिचकीतले तार स्वर ताणलेल्या फिल्मवर आधी पोचतात, खर्जातले मागून, आणि कानाला वरून खाली घसरलेला सूर ऐकू येतो. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या लेझर-बंदुकांसाठी बेन बर्ट यांनी टॉवरला ताण देणाऱ्या तारेवर आघात करून आवाज घेतला होता, तोही याच तत्त्वावर. कड्या एकमेकींना चिकटल्या की लहर मधूनच पलीकडे उडी मारते आणि घसरणीऐवजी नुसती खडखड उरते. म्हणून टांगल्यावर दोन कड्यांमधून उजेड दिसलाच पाहिजे. फिल्म फाटते ती नेहमी मधल्या छिद्रापाशी. तिथे दोन्ही बाजूंनी 12 मि.मी. चे प्लास्टिक वॉशर घालतो.

पुढचा टप्पा पाण्याच्या वाद्याचा. वॉटरफोनचं पेटंट अमेरिकन कलाकार रिचर्ड वॉटर्स यांना 1975 मध्ये मिळालं. स्टीलचं बंद वाडगं, वर मधोमध नळी, कडेने वेगवेगळ्या उंचीच्या ब्राँझच्या सळ्या. सळ्यांवर व्हायोलिनचा गज फिरवायचा आणि वाडगं हळूच कलतं करायचं. आतलं पाणी सरकलं की पत्र्यावरचं ओझं बदलतं आणि सूर वितळल्यासारखा खाली-वर होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी सिंथेसायझरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, आवाजाचा रंग बदलणारा फिल्टर फिरवतंय.

सळ्या कापताना गिटारच्या तारेचा हिशेब चालत नाही. एका टोकाला पक्क्या बसवलेल्या सळीचा सूर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो. 20 सें.मी. ची सळी 14.1 सें.मी. वर आणली की एक सप्तक चढतं, 10 सें.मी. वर आणली तर दोन. तिचा पुढचा उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारा वरचा सूर) मूळ सुराच्या वारंवारतेच्या 6.27 पट असतो, दुपटी-तिपटीत बसत नाही. तो घंटेसारखा, किंचित परका रंग तिथूनच येतो. जोडकाम ओळीने केलं तर उष्णतेने काठ वाकतो, म्हणून एक सळी इकडे, दुसरी समोरच्या बाजूला. एखादा जोड कच्चा राहिला तर सगळं वाद्य झिणझिणतं. पाणी अगदी थोडं, तळ जेमतेम झाकेल इतकंच. जास्त झालं की नाद बसतो, आणि सळी ओली झाली तर राळ लावलेला गजही धरत नाही.

पन्हाळीदार प्लास्टिकची नळी गरगर फिरवण्याचं वाद्य आम्ही थोड्याच प्रमाणात करतो. 75 सें.मी. च्या नळीतून सुमारे 450, 680, 900 हर्ट्झ असे सूर वेगानुसार उड्या मारत येतात; नळी आतून गुळगुळीत असेल तर काहीच वाजत नाही.

सध्या आमचं मन गुंतलंय ते रबरी चेंडूच्या दांडीत. 30 मि.मी. चा उसळता चेंडू 2 मि.मी. च्या पोलादी तारेवर बसवून ढोलाच्या कातड्यावर किंवा काचेवर ओढला, की रबर अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं. टोला ऐकूच येत नाही, थेट सूर उमटतो. वाद्य ओळखायला कान आधी टोला शोधतो, आणि तो सापडला नाही की आवाज यंत्रातला वाटतो, असं आमचं ठाम मत आहे. चेंडूला छिद्रही 2 मि.मी. च्याच ड्रिलने पाडायचं. रबर दबून परत फुगतं, त्यामुळे तार घट्ट बसते. चेंडू आधी फ्रीझरमध्ये ठेवला तर छिद्र सरळ जातं. वापरून तो चकचकीत झाला की घसरायला लागतो. मग 400 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने दोनदा फिरवायचा आणि काचेवरचं बोटांचं तेल स्पिरिटने पुसून घ्यायचं.