गुडघ्यांची प्रश्नावली आणि शेतीचे दिवस : माझा अनुभव

गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णाला किती त्रास होतो, हे एक्स-रेवरून पूर्णपणे कळत नाही. सांध्यातील फट बरीच शाबूत असलेली एखादी बाई पायरी उतरताना कळवळते, तर फट जवळजवळ मिटलेला माणूस डोंगर चढून काजूच्या बागेत जातो. म्हणून रुग्णालाच विचारावे लागते. ‘नी इन्ज्युरी अँड ऑस्टिओआर्थ्रायटिस आउटकम स्कोअर’, म्हणजेच ‘कूस’, ही एवा रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रश्नावली त्यासाठीच आहे. तिच्या ४२ प्रश्नांचे वेदना, लक्षणे, दैनंदिन कामे, खेळ व जीवनमान असे पाच विभाग असून प्रत्येक विभागाला ० ते १०० गुण मिळतात. १०० म्हणजे काहीच त्रास नाही. आमच्या गटाने केलेल्या तिच्या मराठी रूपाची रत्नागिरी जिल्ह्यातील पडताळणी मी फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी घेतली.

स्वतंत्रपणे केलेली दोन भाषांतरे, त्यांचा मेळ, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्यांनी केलेले उलट भाषांतर आणि तज्ज्ञांची बैठक हे टप्पे ठरलेल्या रीतीने पार पडले. खरा विचार करावा लागला तो रुग्णांसमोर बसल्यावर.

उकिडवे बसण्याचा प्रश्न मूळ प्रश्नावलीत खेळाच्या विभागात आहे. आमच्याकडे मासळी साफ करणारी किंवा अंगण सारवणारी बाई दिवसातून कितीदा तरी उकिडवी बसते. तरीही तो प्रश्न दैनंदिन कामांत हलवला नाही, कारण मग आमचे गुण इतर भाषांतील गुणांशी ताडून पाहता आले नसते. त्याच विभागातील धावण्या-उडी मारण्याच्या प्रश्नांवर मात्र साठीच्या आजी थांबत. “मी आता कशाला धावू, बाय?” असे एकीने विचारले, आणि तिचे म्हणणे रास्त होते. विभागातील निम्म्या तरी प्रश्नांची उत्तरे मिळाली नसतील, तर त्या विभागाचे गुण काढत नाहीत. म्हणून अशा रिकाम्या जागा अंदाजाने न भरता मी त्यांची वेगळी नोंद ठेवली. कोणता प्रश्न कोणाला लागू पडत नाही, हेही पडताळणीतूनच कळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना मी प्रश्न छापील शब्दांतच वाचून दाखवला. शेजारी बसलेली सून मायेने उत्तर देऊ लागे, तेव्हा “वहिनी, त्यांनाच सांगू द्या” असे म्हणावे लागे.

सर्वांत जास्त विचार पुनर्चाचणीचा केला. त्याच रुग्णाने तीच प्रश्नावली काही दिवसांनी पुन्हा भरायची; गुडघा तसाच असेल, तर गुणही जवळपास तेवढेच यायला हवेत. मधला काळ आधीची उत्तरे विसरण्याइतका लांब हवा, पण गुडघा बदलण्याइतका नको. साधारण दोन आठवडे योग्य मानतात. कोकणात मात्र जून-जुलैचे दोन आठवडे म्हणजे चिखलात वाकून केलेली भातलावणी. या काळात गुण उतरले, तर ते गुडघा खरोखरच जास्त दुखतो म्हणून. प्रश्नावली अविश्वसनीय आहे म्हणून नव्हे. आकडेमोडीला हा फरक कळत नाही. मेमध्ये आंबा-काजूची धांदल आणि चाकरमान्यांनी भरलेली घरे, पुढे गणपती, मग कापणी. म्हणून पुनर्चाचणी मी भात घरात आल्यानंतरच्या थंडीत ठेवली. दुसऱ्या वेळी “गुडघा तेव्हापेक्षा बरा आहे, तसाच आहे की वाईट?” हा प्रश्न जोडला आणि ‘तसाच’ म्हणणाऱ्यांचेच गुण विश्वासार्हतेसाठी धरले.

दोन्ही वेळची परिस्थिती सारखी असावी लागते. एसटीसाठी जांभ्या दगडाची पाखाडी चढून-उतरून दवाखान्यात आलेल्या बाईचे उत्तर आणि ओटीवर बसून दिलेले उत्तर एकाच मापाचे नसते, म्हणून दोन्ही वेळा मीच वाडीवर गेले.

दोन वेळच्या गुणांच्या मेळाचा सहगुणक, म्हणजे आयसीसी (इन्ट्राक्लास कोरिलेशन कोएफिशंट), गटांच्या तुलनेसाठी किमान ०.७० असावा असे मानतात. पण दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टला त्याहून उपयोगी पडते ती याच पुनर्चाचणीतून निघणारी मापनातील चूक, कारण व्यायामानंतर रुग्णाचे वाढलेले गुण त्या चुकीच्या पलीकडे गेले, तरच सुधारणा झाली असे म्हणता येते. तो आकडा लावणीच्या दिवसांतल्या नोंदींवरून काढला असता, तर तो उगाच फुगला असता आणि खरोखर बरे वाटणाऱ्या कित्येक बायकांची सुधारणा कागदावर दिसलीच नसती.